आगाखान पॅलेसमागची प्रार्थनेची बाग

पुण्यात वाढलेल्या माणसाने आगाखान पॅलेस पाहिलेला नाही असे सहसा होत नाही, कारण शाळेच्या सहलीत एकदा तरी सगळ्यांना तेथे नेलेले असते. परंतु त्या वास्तूच्या मागच्या आवारात असलेल्या दोन समाध्यांपाशी अर्धा तास शांत बसून आलेली माणसे मला आजवर मोजकीच भेटली आहेत. कमानींसमोर छायाचित्रे काढून, दालनांतून एक फेरी मारून बहुतेक जण परततात आणि ‘पॅलेस चांगला आहे, बाग मोठी आहे’ असा अभिप्राय देतात. तो अभिप्राय चुकीचा नाही, पण अपुरा आहे, असे मला वाटते. हे आवार मुळात प्रार्थनेचे ठिकाण आहे आणि त्याच दृष्टीने तेथे गेल्यावर त्याचे मोल कळते. म्हणून या परीक्षणात मी वास्तूविषयी थोडे आणि समाधीच्या बागेविषयी सविस्तर लिहिणार आहे.

दिवाळीनंतर माझी आत्या सांगलीहून आमच्याकडे कोथरूडला राहायला आली होती. तिचे वय ८१ आहे. रोज सकाळी गीतेचा बारावा अध्याय म्हणण्याचा तिचा नेम गेली साठेक वर्षे चालू आहे. पुण्यात आली की एखाद्या देवळात बसून अध्याय म्हणावा अशी तिची इच्छा असते, पण मोठ्या देवळांतली रांग आणि ध्वनिक्षेपक आता तिला सोसत नाहीत. ‘अगं, जिथं कुणी ऊठ म्हणणार नाही आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येईल, अशा ठिकाणी ने मला,’ असे ती म्हणाली. तेव्हा मला ही बाग आठवली, कारण बाराव्या अध्यायाचा आणि या जागेचा जुना संबंध आहे. तो पुढे ओघाने येईलच.

जाण्याची सोय आता चांगली झाली आहे. वनाज ते रामवाडी या मेट्रो मार्गावरच्या कल्याणीनगर स्थानकावर उतरले की तेथून रिक्षाने काही मिनिटांत प्रवेशद्वारापाशी पोहोचता येते. ज्येष्ठांना घेऊन नगर रस्त्याच्या कोंडीतून गाडीने जाण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुखाचा आहे. हा मेट्रो मार्ग आधी नगर रस्त्यावरून, थेट पॅलेसच्या समोरून जाणार होता. परंतु संरक्षित स्मारकाच्या लगत बांधकाम करण्यावर कायद्याने निर्बंध असल्यामुळे तो कल्याणीनगरातून वळवण्यात आला. शहराच्या एवढ्या मोठ्या प्रकल्पाने एका शांत आवारासाठी वळसा घेतला, ही गोष्ट मला समाधानाची वाटते. पॅलेससमोर उभे राहून वर पाहिले की आजही मोकळे आकाश दिसते, याचे कारण तेच आहे.

स्मारक सकाळी ९ ते संध्याकाळी ५.३० या वेळेत खुले असते. भारतीय नागरिकांसाठी तिकीट नाममात्र आहे आणि १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. आत शिरल्यावर प्रशस्त हिरवळ, जुनी उंच झाडे आणि त्यांच्या पलीकडे इटालियन वळणाच्या कमानींची लांबरुंद इमारत दिसते. इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू, तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी ती १८९२ मध्ये बांधली. आसपासच्या गावांतल्या दुष्काळग्रस्तांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, असे सांगितले जाते. त्यांचे नातू, चौथे आगाखान शाह करीम यांनी १९६९ मध्ये, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ही मालमत्ता भारतीय जनतेला अर्पण केली आणि २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित केले. वास्तूविषयी याहून अधिक काही येथे सांगत नाही. ती देखणी आहे, तिच्या व्हरांड्यांतून भर उन्हाळ्यातही गारवा असतो आणि ती पाहण्यासाठी अर्धा तास पुरतो.

समाध्यांकडे जाण्यासाठी इमारतीला वळसा घालून मागे जावे लागते. ही वाट सरळ आणि सोपी आहे. हातात काठी घेऊन चालणाऱ्या आत्यालाही ती अवघड गेली नाही. जसजसे आपण मागे जातो तसतसा नगर रस्त्याचा गजबजाट इमारतीच्या आडोशाला राहतो आणि पाखरांचे आवाज वेगवेगळे ओळखू येऊ लागतात. मग एक मोकळे, नीटनेटके आवार येते आणि तेथे संगमरवराच्या दोन शुभ्र, ठेंगण्या समाध्या शेजारी शेजारी दिसतात. एक गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची आणि दुसरी कस्तुरबा गांधी यांची. ज्येष्ठ वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी या समाधिस्थानाची रचना केली आहे. तेथे घुमट नाही, छत्री नाही, पुतळा नाही. गांधीजींच्या अस्थींचा काही अंशही याच आवारात जतन केलेला आहे. पाहणाऱ्याला दिपवील असे येथे काहीही नाही, आणि हेच त्या रचनेचे सामर्थ्य आहे. नजर कोठेही अडकत नसल्यामुळे ती थोड्या वेळाने आपोआप आत वळते.

या दोन समाध्या येथे का आहेत, हे ठाऊक असल्याशिवाय ही जागा पुरती कळत नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली आणि त्यांना या वाड्यात स्थानबद्ध करण्यात आले. महादेवभाई, सरोजिनी नायडू, मीराबेन हेही त्यांच्यासोबत होते. त्याच दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींऐवजी भाषण करण्यास निघालेल्या कस्तुरबांनाही अटक झाली आणि त्यांना डॉ. सुशीला नायर यांच्यासह येथे आणण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्याला हा राजवाडा वाटला, तरी आत राहणाऱ्यांसाठी तो तुरुंगच होता. एवढ्या मोठ्या वाड्यावर आणि पहाऱ्यावर होणारा खर्च हा गरीब जनतेचा पैसा आहे, आपल्याला साध्या तुरुंगात हलवावे, असे गांधीजींनी सरकारला लिहिले होते, ही गोष्ट त्या कमानींखालून चालताना मला दर वेळी आठवते.

स्थानबद्धतेला आठवडाही पूर्ण झाला नव्हता, तोच १५ ऑगस्ट १९४२ रोजी सकाळी महादेवभाईंचे हृदयविकाराने निधन झाले. ते अवघे पन्नास वर्षांचे होते. १९१७ पासून पंचवीस वर्षे त्यांनी गांधीजींचे सचिव म्हणून काम केले होते; पत्रे, भाषणे, संभाषणे, दैनंदिनी यांचा त्यांनी केलेला संग्रह नसता तर गांधीजींच्या आयुष्यातला फार मोठा भाग आपल्यापर्यंत पोहोचलाच नसता. त्यांचा जन्म १ जानेवारी १८९२ चा, म्हणजे ज्या वर्षी ही वास्तू उभी राहिली त्याच वर्षीचा, हा योगायोग मला समाधीपाशी उभी असताना प्रथम जाणवला आणि मन भरून आले. गांधीजींनी महादेवभाईंच्या पार्थिवाला स्वतः स्नान घातले, आवारातच चिता रचली गेली आणि पुत्राने द्यावा तसा अग्नी गांधीजींनी पुत्रवत सहकाऱ्याला दिला. त्या दिवसापासून गांधीजी त्या जागी रोज जात, फुले वाहत आणि गीतेचा बारावा अध्याय म्हणत.

हे मी आत्याला वाटेत सांगितले नव्हते. समाधीपाशी पोहोचल्यावर, पादत्राणे काढून आम्ही कडेला बसलो, तेव्हा सांगितले. ती काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे मी जे घरी म्हणते, तेच ते इथं म्हणत होते?’ मी हो म्हटले. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आमच्या सोसायटीच्या आवारातल्या बुचाच्या झाडाखाली सकाळी पडलेली फुले तिने त्यात वेचून आणली होती. बुचाच्या फुलाचा देठ बोटभर लांब, नाजूक आणि नळीसारखा असतो. त्यामुळे सुईदोऱ्याशिवाय, देठात देठ गुंफून त्याची वेणी करता येते, हे आमच्या पिढीपर्यंतच्या मुलींना माहीत आहे. आत्याने तेथे बसून तशा दोन वेण्या केल्या. तिची बोटे संधिवाताने वाकडी झाली आहेत, तरी ती गाठ न चुकता बसत होती. तेथे झाडलोट करणाऱ्या एक मावशी जवळून जात होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘आजी, ठेवा की वर, काही हरकत नाही. वारा आला तर उडतील म्हणून जरा आतल्या बाजूला ठेवा.’ आत्याने एक वेणी महादेवभाईंच्या समाधीवर आणि दुसरी कस्तुरबांच्या समाधीवर ठेवली आणि आसनावर बसून अध्याय म्हणायला सुरुवात केली.

वीस श्लोकांचा हा अध्याय गीतेतल्या सर्वांत लहान अध्यायांपैकी एक आहे. मराठी घरांतून तो मुलांना आधी शिकवतात याचे एक कारण हे असावे. दुसरे कारण असे की त्यात कोणाचाही द्वेष न करणाऱ्या, सर्वांशी मैत्रीने आणि करुणेने वागणाऱ्या भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. ज्या सरकारने आपल्याला कोंडले आणि ज्याच्या कैदेत आपला उजवा हात गेला, त्या सरकारविषयी मनात द्वेष राहू नये यासाठी एक माणूस हे श्लोक याच जमिनीवर उभा राहून रोज म्हणत होता, ही कल्पना घरी बसून करता येत नाही. आत्याचा आवाज बारीक आहे, तरीही तो मला शेवटच्या श्लोकापर्यंत स्पष्ट ऐकू आला. एखाद्या प्रार्थनास्थळाची परीक्षा करायची तर मी हाच निकष लावीन.

कस्तुरबांची समाधी दीड वर्षाने झाली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, दीर्घ आजारानंतर त्यांनी गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. त्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या आणि उभयतांच्या संसाराला बासष्ट वर्षे झाली होती. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या समाधीशेजारीच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. धाकटे पुत्र देवदास गांधी यांनी अग्नी दिला आणि चिता शांत होईपर्यंत गांधीजी तेथून हलले नाहीत. रक्षा गोळा करताना कस्तुरबांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या अभंग सापडल्या, असे देवदास यांनी नमूद करून ठेवले आहे. आत्याला मी हे सांगितले तेव्हा तिने नकळत स्वतःच्या मनगटाला हात लावला. कोणत्याही माहितीफलकापेक्षा अशा एका तपशिलाने माणूस त्या काळाच्या अधिक जवळ जातो. म्हणून मुलांना किंवा पाहुण्यांना घेऊन जाणार असाल, तर सनावळ्यांबरोबर असे दोन-चार प्रसंग घरी वाचून जा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली. त्या दिवशी सकाळी वाडा सोडण्यापूर्वी त्यांनी सरकारला एक पत्र लिहिले. आपण सर्व जण या दहनभूमीवर रोज दोन वेळा जाऊन फुले वाहत आणि प्रार्थना करत आलो आहोत, ती जागा आता पवित्र झाली आहे, आप्तेष्टांना आगाखानांच्या आवारातून तेथे हवे तेव्हा जाता यावे आणि त्या स्थानाची निगा व रोजची प्रार्थना यांची व्यवस्था करण्याची आपली इच्छा आहे, असा त्या पत्राचा आशय होता. मला हे पत्र या जागेविषयीचे सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र वाटते. येथे संग्रहालय व्हावे, पर्यटनस्थळ व्हावे असे त्यात म्हटलेले नाही. निगा आणि रोजची प्रार्थना एवढ्या दोनच गोष्टी त्यात मागितल्या आहेत. समाधीपाशी सकाळी प्रार्थना करण्याची परंपरा पुढे चालत आली, २ ऑक्टोबरला आणि ३० जानेवारीला लोक येथे आवर्जून जमतात, आणि समाध्यांची स्वच्छता मी गेलेल्या प्रत्येक वेळी चोख दिसली. त्या पत्रातल्या दोन अपेक्षांच्या कसोटीवर ही बाग उतरते, असे मी मनापासून म्हणू शकते.

आता शांततेविषयी खरेखुरे सांगणे भाग आहे, कारण ‘निःशब्द शांतता’ असे वर्णन वाचून कोणी गेले तर त्यांची निराशा होईल. नगर रस्ता हा पुण्यातला अत्यंत वाहता रस्ता आहे आणि विमानतळही फार लांब नाही. त्यामुळे अधूनमधून विमानाचा घरघराट ऐकू येतो. मागच्या आवारात रस्त्याचा आवाज पुष्कळ कमी होत असला तरी तो पूर्णपणे नाहीसा होत नाही. दूरवरच्या पाण्यासारखा तो चालू राहतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी कानांना त्याची सवय होते. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध आपण बसलो आहोत याची जाणीव राहते. खरा अडथळा येतो तो माणसांचा. आम्ही बसलो असताना सात-आठ तरुणांचा एक गट आला आणि समाधीच्या अगदी कडेला उभे राहून मोबाइलवर गाणे लावून चित्रफीत काढू लागला. आत्या म्हणता म्हणता थांबली. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि म्हटले, ‘बाळांनो, इथं दोन माणसांचं दहन झालं आहे. जरा आवाज बंद कराल का?’ त्यांतल्या एकाने लगेच गाणे बंद केले आणि विचारले, ‘खरंच, काकू? आम्हाला वाटलं की नुसतं स्मारक आहे.’ मग मी जे वर लिहिले आहे तेच त्यांना चार वाक्यांत सांगितले. त्यांतले तिघे पादत्राणे काढून थोडा वेळ बसलेही. त्या मुलांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. सहलीत त्यांना वाड्याची लांबी-रुंदी सांगितली गेली असेल आणि समाधीपाशी पोहोचेपर्यंत बसची वेळ झाली असेल. शिक्षकांनी आणि पालकांनी सहलीची सुरुवात समाधीपासून करावी आणि वास्तू नंतर दाखवावी, एवढा क्रम बदलला तरी पुष्कळ फरक पडेल.

वेळेची निवड हा या भेटीतला दुसरा महत्त्वाचा भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी मे महिन्यात दुपारी दीडच्या सुमारास येथे आले होते आणि अनवाणी चार पावले टाकताच तळपाय असे पोळले की नमस्कारसुद्धा धड करता आला नाही. समाधीचे आवार उघडे आहे, फरशी दगडी आहे, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात ती सकाळी अकरानंतर पाय ठेवण्याजोगी राहत नाही. तेव्हा मार्च ते जून या महिन्यांत जायचे तर सकाळी नऊला दार उघडताच जावे किंवा दुपारी साडेचारनंतर. पावसाळ्यात आवार हिरवेगार आणि सुंदर होते, परंतु बसायची जागा ओली असते. सोबत एखादे जाड आसन किंवा प्लॅस्टिकचे कापड ठेवावे. सर्वांत उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. सकाळचे कोवळे ऊन झाडांमधून तिरपे येते आणि दहापर्यंत हवेत गारवा टिकून असतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. आम्ही मंगळवारी गेलो होतो आणि पहिला पाऊण तास मागच्या आवारात आमच्याशिवाय कोणीच नव्हते.

पुण्यात शांत बसता येईल अशा बागा इतरही आहेत, त्यांच्याशी तुलना करणे वाचकांच्या उपयोगाचे होईल. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे आणि पाणी, खडक, हिरवळ यांची तेथली रचना अतिशय रम्य आहे. पण ती फिरण्याची बाग आहे, तेथे पावले थांबत नाहीत. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे लेणे हे राष्ट्रकूट काळातले, बेसॉल्टच्या कातळात खोदलेले शिवमंदिर आहे आणि त्याच्या आवारातल्या झाडांखाली मी पुष्कळ वेळा बसले आहे. शहराच्या मध्यभागी असूनही तेथे विलक्षण गारवा मिळतो. तरीही ते देवाचे स्थान आहे आणि आपण तेथे काही मागायला जातो. आगाखान पॅलेसच्या बागेत मागण्यासारखे कोणी बसलेले नाही. येथे एका पत्नीची आणि एका सहकाऱ्याची समाधी आहे, त्यांच्यासाठी कोणीतरी रोज फुले आणत होते, आणि आपणही तेवढेच करायचे असते. ज्यांनी अलीकडे घरचे माणूस गमावले आहे, त्यांना ही जागा विशेष जवळची वाटेल. माझी आई गेली त्या वर्षी मी येथे तीनदा आले होते.

प्रार्थना कोणत्या धर्माची करावी, असा प्रश्न येथे उद्भवत नाही. गांधीजींच्या प्रार्थनेत उपनिषदातल्या आणि गीतेतल्या श्लोकांबरोबर कुराणातली वचने, ख्रिस्ती स्तोत्रे, पारशी आणि बौद्ध प्रार्थना असत. वाडा इस्माइली मुस्लिमांच्या धर्मगुरूंचा, समाध्या दोन गुजराती हिंदूंच्या, स्थानबद्धांवर उपचार करणारे डॉ. गिल्डर पारशी, आणि समाधीची रचना करणारे कोरिया ख्रिस्ती गोवेकर कुटुंबातले. ही नावे मी मुद्दाम एकत्र मांडली आहेत, कारण त्या आवारात बसल्यावर ती खरोखरच एकत्र आलेली आहेत. माझ्या एका मुस्लिम मैत्रिणीने येथे बसून तिच्या वडिलांसाठी दुआ मागितली होती आणि आजूबाजूच्या कोणी वळूनही पाहिले नव्हते.

समाधीनंतर वेळ आणि बळ उरले तर इमारतीतली दालने पाहावीत. गांधीजींच्या वापरातल्या वस्तू, भांडी, चपला, माळ आणि त्या काळातली छायाचित्रे तेथे मांडलेली आहेत. कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला ती खोली याच वास्तूत आहे, आणि १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ हा २१ दिवसांचा उपवास गांधीजींनी येथेच केला. आवारात खादीचे दुकानही आहे. आत्याने तेथून दोन टॉवेल घेतले आणि ते धुतल्यावर अधिकच मऊ झाले असे तिने फोनवर कळवले आहे. खाण्यापिण्याची सोय मात्र बाहेरच शोधावी आणि पाण्याची बाटली घरून न्यावी. ज्येष्ठांसाठी घडीचे हलके स्टूल नेल्यास उत्तम, कारण समाधीजवळ जमिनीवर बसणे सगळ्यांना जमत नाही. आत्याला मी कडेच्या पायरीवर आसन घालून दिले होते. इमारतीत शिरताना आणि व्हरांड्यात चढताना पायऱ्या आहेत, तेथे हात धरावा लागतो.

एकूण भेटीसाठी दोन तास ठेवावेत आणि त्यातला निदान पाऊण तास समाधीपाशी घालवावा. मोबाइल बंद करण्याची सक्ती कोणी करत नाही, ती आपणच करायची आहे. मोठ्याने म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, आपल्या आवाजाने दुसऱ्याच्या प्रार्थनेत व्यत्यय येणार नाही एवढे पाहावे. फुले न्यायची असतील तर सुटी, घरच्या झाडाची न्यावीत. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ नेऊ नयेत, कारण तो कागद मागे राहतो आणि झाडणाऱ्या मावशींना तो वेचावा लागतो.

निघताना आत्या समाधीपाशी पुन्हा एकदा वळली. वाऱ्याने एक वेणी थोडी सरकली होती. तिने ती आतल्या बाजूला नीट ठेवली आणि डब्यात तळाशी राहिलेली तीन-चार फुले त्या मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती लगेच आपल्या अंबाड्यात खोचली. परतीच्या मेट्रोत आत्याने विचारले, ‘येत्या महाशिवरात्रीला इथं येता येईल का गं?’ मी तिला महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशीचे सांगलीहून येण्याचे तिकीट काढून पाठवले आहे.